पाण्यात पीफास निघालं. रक्त तपासायचं का? आणि तपासलंच, तर त्या आकड्याचं काय करायचं?

गाळणीवाला
कुठल्याही वस्तीच्या पाण्यात पीफास सापडलं की पहिली मागणी ठरलेली असते: सगळ्यांचं रक्त तपासा. मागणी समजण्यासारखी आहे, पण माझ्या मते तिचा नंबर तिसरा. आधी पिण्याचं पाणी बदला. मग कोलेस्टेरॉल, रक्तदाब, थायरॉइड या साध्या तपासण्या करा. रक्तातलं पीफास त्यानंतर, हाताशी पैसे उरले तर.

कारण असं की रक्तातल्या आकड्यावरून कुणाला काय होणार हे कळत नाही. शुगरसारखी 'नॉर्मल' रेंज इथे नाही. शून्य तर जवळपास कुणाचंच येत नाही. आकडा हातात पडला की माणूस रात्रभर जागतो आणि सकाळी तेच पाणी पितो.

नवीन वाचकांसाठी: पीफास हे एक रसायन नाही, हजारो रसायनांचं कुटुंब आहे. कार्बनची साखळी आणि तिला चिकटलेले फ्लोरिनचे अणू. हा बंध निसर्गात सहजासहजी तुटत नाही. नॉनस्टिकचा लेप, डाग न धरणारे कपडे, तेलाच्या आगीवर मारायचा फेस, असा सगळीकडे वापर. वस्त्यांच्या पाण्यात ते येतं मुख्यतः फेस मारण्याचा सराव जिथे चालतो ती मैदानं, कारखान्यांचं सांडपाणी आणि शेतात टाकलेला सांडपाण्याचा गाळ यांतून.

असहमत असाल तर या.

अर्धवटराव
पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. (नॉनस्टिकमध्ये भाजलेले नाहीत.)

दुर्बीण
साफ असहमत. रक्त तपासलं नसतं तर आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं निम्मंही माहीत नसतं.

अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या पार्कर्सबर्ग परिसरात पीएफओए हे पीफास कुटुंबातलं एक रसायन कारखान्यातून पाण्यात उतरलं होतं. कारखान्याविरुद्धच्या दाव्याच्या तडजोडीतून २००५-०६ मध्ये सुमारे ६९ हजार लोकांचं रक्त घेतलं गेलं आणि तीन साथरोगतज्ज्ञांचं पॅनल नेमलं गेलं. २०१२ पर्यंत त्यांनी सहा आजारांशी 'संभाव्य संबंध' जाहीर केला: वाढलेलं कोलेस्टेरॉल, थायरॉइडचे विकार, अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा), वृषणाचा कर्करोग, मूत्रपिंडाचा कर्करोग आणि गरोदरपणात वाढणारा रक्तदाब. बाकी डझनावारी आजारांबाबत त्यांनी 'संबंध दिसत नाही' असंही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं. त्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम सांगतो.

उंटावरचा
त्या पीएफओएला तिकडे सी-८ म्हणायचे ना? आठ कार्बन म्हणून. म्हणजे अश्वत्थामा, बळी, व्यास करत करत आठवा चिरंजीव हाच. फरक एवढाच की याला तेल मागत दारोदार फिरावं लागत नाही, हा आपणहून तेलकट तव्यावर बसतो.

गाळणीवाला
@उंटावरचा, __/\__

@दुर्बीण, तुमचा मुद्दा संशोधनाचा आहे, माझा एकेका माणसाचा. ६९ हजारांच्या गर्दीत जे दिसतं ते एकाच्या रिपोर्टात दिसत नाही. 'संभाव्य संबंध'चा तिथला अर्थही बघा: संबंध नसण्यापेक्षा असण्याची शक्यता जास्त. तुमच्या कोलायटिसचं कारण हेच, असं त्यातून निघत नाही.

टिटवी
मला एक साधा घोळ सोडवून द्या. पाण्याची मर्यादा ४ वाचली आणि रक्ताचे आकडे ३०-४० वाचले. म्हणजे रक्तात मर्यादेच्या दहापट असं समजायचं?

पाणपोई
नाही, आणि हा घोळ जवळपास प्रत्येकाचा होतो. एककं बघा. पाणी मोजतात नॅनोग्रॅम प्रति लिटरमध्ये, रक्त नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये. मधे हजारचा फरक आहे. रक्तातला ४ म्हणजे पाण्याच्या भाषेत ४,०००.

शिवाय शरीर साठवतं. पीएफओएसाठी ढोबळ नियम असा की वर्षानुवर्षं तेच पाणी प्यायलं तर सीरममधलं (रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या द्रवातलं) प्रमाण पाण्याच्या साधारण शंभरपट होऊन थांबतं. पाण्यात लिटरला ४० नॅनोग्रॅम असेल तर सीरममध्ये त्या पाण्यामुळे मिलिलिटरला सुमारे ४ ची भर. पाण्यात ४ असेल तर भर ०.४ ची, म्हणजे खाण्यापिण्यातून आणि घरातल्या वस्तूंतून जे येतंच त्यात ती हरवून जाते.

आणखी एक गोष्ट बघून घ्या. रिपोर्ट सीरमचा आहे की पूर्ण रक्ताचा? ही रसायनं अल्ब्युमिन या रक्तातल्या प्रथिनाला चिकटून फिरतात, रक्तपेशींत फारशी शिरत नाहीत. त्यामुळे पूर्ण रक्तातला आकडा सीरमच्या साधारण निम्मा येतो. एकाचा सीरमचा आणि दुसऱ्याचा पूर्ण रक्ताचा रिपोर्ट शेजारी ठेवून 'तुझं कमी कसं' असे वाद घालू नयेत.

टिटवी
धन्यवाद! मग ती ४ ची मर्यादा नक्की कुणाची? कुठे १०० पण वाचलं होतं.

पाणपोई
४ ही अमेरिकेची, एप्रिल २०२४ ची. पीएफओए आणि त्याच कुटुंबातलं पीएफओएस प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम प्रति लिटर. १०० ही युरोपीय संघाची, ती वीस पीफासच्या बेरजेवर आहे. दोन्ही आकडे एका पट्टीवरचे नाहीत, त्यामुळे 'युरोप ढिला आणि अमेरिका कडक' असा निष्कर्ष लगेच काढू नका. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२० मध्ये चार पीफासच्या बेरजेसाठी दर आठवड्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे ४.४ नॅनोग्रॅम ही मर्यादा सुचवली. ती बरीच कडक आहे आणि तिचा पाया कर्करोग नाही. लहान मुलांत लसीनंतर प्रतिपिंडं कमी तयार होतात, हा आहे.

शेवंता
पाणी बदलल्यावर रक्तातलं किती दिवसांत उतरतं?

दुर्बीण
दिवसांत नाही, वर्षांत.

यासाठी सगळ्यात चांगली माहिती स्वीडनच्या रोनेबी गावातून मिळाली. तिथे दोनपैकी एका जलकेंद्राच्या पाण्यात अग्निशमन फेसातलं पीफास सापडलं आणि डिसेंबर २०१३ मध्ये ते केंद्र लगेच बंद केलं. नळ एका तारखेला बंद झाल्यामुळे पुढची उतरण स्वच्छ मोजता आली. निम्मं व्हायला लागणारा काळ सरासरीने असा आला: पीएफओए २.७ वर्षं, पीएफओएस ३.४ वर्षं, पीएफएचएक्सएस ५.३ वर्षं.

समजा, एका रिपोर्टात पीएफएचएक्सएस १२, पीएफओएस १८ आणि पीएफओए ८ आहे, बेरीज ३८. पाणी आजच बदललं तर पाच वर्षांनी ते ढोबळमानाने ६, ६.५ आणि २ होतील, बेरीज १५ च्या आसपास. इतर मार्गांनी थोडं येतच राहतं, म्हणून प्रत्यक्षात जरा जास्तच.

याच रिपोर्टावरून उगमाचाही अंदाज बांधता येतो. पीएफएचएक्सएस आणि पीएफओएस दोन्ही चढलेले असतील तर संशय फेसावर. पीएफओए एकटंच वर असेल तर फ्लोरोपॉलिमर (टेफ्लॉनसारखं प्लास्टिक) बनवणाऱ्या किंवा वापरणाऱ्या कारखान्यावर. नुसती बेरीज छापणारा रिपोर्ट घेऊ नका, हे त्यासाठीच.

उंटावरचा
उंदरांवर प्रयोग करून हे आधीच कळलं नाही का?

दुर्बीण
तिथेच फसगत झाली. उंदराची मादी पीएफओए काही तासांत मूत्रावाटे टाकून देते, नराला काही दिवस लागतात, माणसाला वर्षं. आपलं मूत्रपिंड ते गाळतं आणि पुढच्याच वळणावर वाहक प्रथिनं ते परत रक्तात ओढून घेतात. पित्तातून आतड्यात गेलेलंही पुन्हा शोषलं जातं. उंदरातला डोस माणसाला लावायचा तर रक्तातलं प्रमाण जुळवावं लागतं, तोंडावाटे दिलेला डोस नाही.

खडीसाखर
गाळणीवाला म्हणतात आकड्याचं काही करता येत नाही. हे अर्धसत्य आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शन काढलं, ते आकड्यावरच बेतलेलं आहे. सात ठरावीक पीफासची सीरममधली बेरीज घ्यायची, नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये.

२ च्या खाली: वेगळं काही नाही, नेहमीची काळजी. २ ते २०: पीफास कमी करण्याकडे लक्ष, वयाप्रमाणे लिपिड (कोलेस्टेरॉल वगैरे) तपासणी, गरोदरपणात प्रत्येक भेटीला रक्तदाब आणि वयानुसार स्तनाच्या कर्करोगाची नेहमीची तपासणी. २० च्या वर: हे सगळं, शिवाय दोन वर्षांपुढच्या सगळ्यांची लिपिड तपासणी, अठरापुढे टीएसएच (थायरॉइडची रक्तचाचणी), पंचेचाळीसपुढे मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या लक्षणांची चौकशी आणि लघवीची तपासणी, पंधरापुढे वृषणाचा कर्करोग आणि कोलायटिस यांच्या लक्षणांवर नजर.

यात एकही महागडी तपासणी नाही. सरसकट सीटी स्कॅन कुठेही सांगितलेला नाही. 'पीफास पॅकेज' म्हणून पूर्ण शरीराचे स्कॅन विकणाऱ्यांना हे ऐकवा. आणि लॅबने तीनच रसायनं मोजली असतील तर ती बेरीज या २ आणि २० ला लावू नका, ती कमीच दिसणार.

गाळणीवाला
हे मान्य. पण बघा, २० च्या वर असणाऱ्यांना तुम्ही जे करायला सांगता ते दूषित वस्तीत सगळ्यांनीच केलं तरी बिघडत काय? टीएसएच आणि लिपिड पीफासच्या चाचणीपेक्षा किती तरी स्वस्त.

खडीसाखर
बिघडतं. सरसकट चाळणी लावली की खोटे इशारेही सरसकट येतात. टीएसएच जरा वर आला म्हणून आयुष्यभराची गोळी सुरू होते. कुणाला चाळायचं हे ठरवायला काही तरी हवं, आणि ते काही तरी म्हणजे रक्तातला आकडा, नाही तर किमान पाण्याचा जुना हिशेब.

दुर्बीण
जरा किचकट अवांतर, पण महत्त्वाचं. आकडा आणि आजार एकत्र दिसले की आकड्यामुळेच आजार, असं नसतं. मूत्रपिंड मंदावलं तर पीफास कमी बाहेर पडतं आणि रक्तात चढतं. तिथे मूत्रपिंडाचा विकार आधी आणि पीफास नंतर, असं उलटंही असू शकतं. लवकर आलेल्या रजोनिवृत्तीचंही तेच: पाळीवाटे रक्त जायचं थांबलं की पीफास साठतं. म्हणून जाणकार संशोधक मोजलेल्या रक्तासोबत पाण्याच्या इतिहासावरून काढलेला अंदाजही वापरतात. दोन्ही रस्ते एकाच ठिकाणी पोचले तर विश्वास ठेवायचा. मूत्रपिंडाच्या कर्करोगाबाबत अंदाजाचा रस्ता बराच टिकला. कोलायटिसबाबत इतर ठिकाणचे निष्कर्ष एकसारखे नाहीत.

रच्याकने, २०२३ च्या अखेरीस कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने पीएफओएला गट १ मध्ये (माणसात कर्करोग करतं) आणि पीएफओएसला गट २ब मध्ये (कदाचित करत असेल) टाकलं. गट म्हणजे पुरावा किती पक्का, धोका किती मोठा हे नव्हे. गट १ मध्ये तंबाखू आहे म्हणून पीएफओए तंबाखूइतकं घातक, असा मेसेज फिरतोय. तो पुढे पाठवू नका.

टिटवी
अंगावर पाजणाऱ्या आईने काय करायचं? दुधातूनही जातं म्हणतात.

खडीसाखर
जातं. पाजल्याने आईच्या रक्तातलं उतरतं आणि बाळाचं चढतं, हे खरं. तरीही पाजणं थांबवा असा सरसकट सल्ला कुणीही जबाबदार माणूस देत नाही, दुधाचे फायदे मोठे आहेत. उलट सगळ्यात वाईट पर्याय म्हणजे दूषित पाण्यात कालवलेली दूध पावडर. बाळ वजनाच्या मानाने मोठ्या माणसापेक्षा किती तरी जास्त पाणी पितं, तेव्हा तो थेट डोस होतो. आईचं पिण्याचं पाणी आधी बदला, शक्य असेल तर गरोदरपणाच्या आधीपासून.

लसींवर याचा परिणाम होतो हे फेरो बेटांवरच्या मुलांत २०१२ मध्ये ठळकपणे दिसलं: पीफास जास्त, तर धनुर्वात आणि घटसर्पाची प्रतिपिंडं कमी. त्याचा अर्थ लसी चुकवू नका. 'लस लागणारच नाही मग कशाला' हा उलटा अर्थ काढणारे भेटतात.

अर्धवटराव
पाणी उकळून पिणारे सुरक्षित ना?

पाणपोई
उलट. पाणी वाफ होऊन जातं, पीफास भांड्यात राहतं, म्हणजे थोडं आटलं की तेवढंच दाट होतं. यूव्हीचा दिवा, क्लोरिन, तुरटी, कापडाची गाळणी (धागाकर्त्यांनी माफ करावं) यांचा काही उपयोग नाही. कामाच्या गोष्टी तीन: दाणेदार सक्रिय कोळसा, आयन बदलणारं रेझिन आणि आरओ.

कोळसा: खेळ संपर्काच्या वेळेचा आहे. जलकेंद्रात पाणी कोळशात साधारण दहा मिनिटं राहील अशी रचना करतात. घरातल्या एक लिटर कोळशाच्या नळकांड्यातून मिनिटाला दोन लिटर सोडलं तर अर्धा मिनिटच मिळतो. नळ बारीक सोडा. लांब साखळीचे पीएफओए-पीएफओएस नीट धरले जातात, चार कार्बनवाले लवकर निसटतात. कोळसा भरत आला की लांब साखळीवाले त्या छोट्यांना धक्का मारून बाहेर काढतात. मग गाळलेल्या पाण्यात छोट्यांचं प्रमाण न गाळलेल्यापेक्षा जास्त निघतं! पाण्यात सेंद्रिय कचरा असेल तर कोळसा आणखी लवकर भरतो. चव, वास, रंग यांतून काहीच कळत नाही, म्हणून 'अजून चांगलं येतंय' हे वाक्य इथे निरर्थक.

उपाय म्हणजे एकामागे एक दोन टाक्या आणि त्यांच्या मधे नमुन्याचा नळ. मधल्या नळाला पीफास दिसलं की पहिली टाकी फेका, दुसरी पुढे आणा, नवी मागे लावा. एका टाकीच्या शेवटी नमुना घेतला तर कळेपर्यंत तुम्ही प्यायलेले असता.

रेझिनला दोन-तीन मिनिटंही पुरतात आणि छोट्या साखळ्या ते जास्त चांगल्या धरतं, पण पाण्यात सल्फेट-नायट्रेट भरपूर असेल तर लवकर थकतं.

आरओ घरासाठी सगळ्यात भरवशाचं. टीडीएस मीटरला पीफास दिसत नाही, नॅनोग्रॅम त्याच्या नजरेच्या फार खाली. पण पडदा फाटला किंवा सील गळलं तर टीडीएस वर जातो, एवढ्यासाठी तो जवळ असावा. आणि वाया जाणारं पाणी! काढलेलं पीफास त्यातच असतं. चारात एक भाग गाळलेलं आणि तीन भाग वाया असं यंत्र असेल तर वाया पाणी मूळ पाण्याच्या सव्वा-दीडपट दाट. ते भाजीच्या वाफ्यात घालू नका. फरशी पुसा, संडासात टाका.

स्वयंपाकाचा एक नळ पुरतो. त्वचेतून फारच कमी शोषलं जातं, त्यामुळे आंघोळीसाठी अख्ख्या घराला यंत्र बसवायची बहुधा गरज नाही.

शेवंता
भाजीच्या वाफ्याचं निघालंच आहे तर, परसातलं खावं का?

पाणपोई
छोट्या साखळ्या पाण्याबरोबर वर चढून पानांत बसतात, लांबवाल्या मुळाशी राहतात. म्हणून पालेभाज्या आधी थांबवा, फळभाज्यांत तुलनेने कमी. त्याहून जास्त लक्ष घरच्या अंड्यांवर. कोंबड्या माती आणि गांडुळं टिपतात आणि पीएफओएस बलकात उतरतं. दूषित तळ्यातले मासे त्याहून वाईट, तिथे पीएफओएस साठत जातं. कापून चरबी काढली की झालं, हा डायऑक्सिनचा (चरबीत साठणारं विषारी रसायन) नियम इथे चालत नाही. हे प्रथिनाला चिकटतं, मांसातच राहतं.

उंटावरचा
रक्तातलं बाहेर काढायला जळवा लावल्या तर?

खडीसाखर
हसू नका, तत्त्व बरोबर आहे. :) ऑस्ट्रेलियात २८५ अग्निशमन कर्मचाऱ्यांवर वर्षभर चाचणी झाली, निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नियमित रक्त दिल्याने पीएफओएस थोडं उतरलं, दर सहा आठवड्यांनी प्लाझ्मा दिल्याने आणखी उतरलं. डेन्मार्कमध्ये कोलेस्टायरामीन हे कोलेस्टेरॉलचं जुनं औषध दिलं, ते आतड्यात पीफास धरून ठेवतं. बारा आठवड्यांत सीरममधलं पीएफओएस सुमारे ६० टक्के घटलं.

पण आकडा उतरला म्हणून आजार टळतात, हे अजून कुणी दाखवलेलं नाही. औषधाने बद्धकोष्ठता होते आणि ते थायरॉइडची गोळी, वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध), जीवनसत्त्वंही धरून ठेवतं. इतर गोळ्या त्याच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्याव्या लागतात. आणि मुख्य म्हणजे नळ चालू ठेवून हे करणं म्हणजे रांजण उपसताना वरून पाणी ओतत राहणं. डिटॉक्स चहा, कोथिंबिरीचा रस, पायाला लावायच्या पट्ट्या यांच्यामागे काहीही नाही.

टिटवी
पाण्याचा नमुना घरी घेता येतो का?

पाणपोई
येतो. लॅबकडूनच बाटल्या मागवा, पॉलिप्रॉपिलीन किंवा एचडीपीई प्लास्टिकच्या. काच नको, लांब साखळ्या तिच्या भिंतीला चिकटतात. बाटलीत आधीच पावडर टाकलेली असेल तर ती विसळून टाकू नका, हा चुकांचा राजा. नायट्राइलचे हातमोजे घाला. अंगात रेनकोट नको, हाताला क्रीम नको. नळाला नवी पांढरी टेफ्लॉन टेप गुंडाळलेली असेल तर तो नळ सोडा. सोबत रिकामी चाचणी मागा: लॅबचं शुद्ध पाणी तिथेच उघडून दुसऱ्या बाटलीत ओतायचं. त्यात पीफास निघालं तर तुमचा नमुना नाही, तुमचे हात दूषित. बर्फावर ठेवून पाठवा.

दुर्बीण
@गाळणीवाला, मूळ प्रश्नाकडे येतो. इटलीत सेवेसोला १० जुलै १९७६ रोजी डायऑक्सिनचा ढग सुटला. तेव्हा रक्तातलं डायऑक्सिन मोजायची नीट सोयच नव्हती. तरीही लोकांचं रक्त घेऊन सीरम गोठवून ठेवलं. दहाहून जास्त वर्षांनी तंत्र आलं आणि त्याच नळ्या उघडून प्रत्येकाचा खरा आकडा काढता आला. पुढचे स्त्रियांच्या आरोग्याचे अभ्यास त्यावर उभे आहेत. तुमचा 'तिसरा नंबर' मान्य केला तरी रक्त घेणं आणि रक्त तपासणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पाणी बदललं की पुरावा दर दिवशी उतरू लागतो. मग पाच वर्षांनी कुणी विचारलं की किती होतं, तर काय दाखवणार?

गाळणीवाला
हे डोक्यात आलं नव्हतं. पटलं.

क्रम बदलतो. पाणी बदलायच्या आठवड्यातच रक्त घ्या, सीरम वेगळं करून दोन-तीन लहान नळ्यांत उणे ऐंशी अंशांवर ठेवा. त्यावर तारीख, वय, त्या घरात किती वर्षं, कुठलं पाणी, दिवसाला किती, हे लिहून ठेवा. तपासणी लगेच कुणाची? गरोदर किंवा त्या विचारात असलेल्या बायका, फेस हाताळणारे, जास्त दूषित विहिरीवरची घरं. बाकीच्यांची सवडीने. एक मात्र कायम: पुन्हा तपासायचं तर दोन-तीन वर्षांनी आणि त्याच लॅबमध्ये. सहा महिन्यांनी ३८ चे ३५ झाले तर ते उतरलं की यंत्राचा फरक, कुणीच सांगू शकत नाही.

खडीसाखर
नळ्या पॉलिप्रॉपिलीनच्या. आणि रक्त घेणाऱ्या नळ्यांच्या त्याच बॅचची एक रिकामी नळीही लॅबला पाठवा.

अर्धवटराव
पॉपकॉर्न संपले. पिशवीच्या आतल्या बाजूला तेल न धरणारा कागद होता, तो आता तपासायला पाठवतोय.